विद्यापीठाची कार्यशाळा खापरला हवी

विद्यापीठांच्या आवारात हल्ली मेकरस्पेस नावाच्या खोल्या दिसू लागल्या आहेत. थ्रीडी प्रिंटर, लेसरने कापणारे यंत्र, सोल्डरिंगची टेबले आणि मनातली वस्तू स्वतः बनवून पाहण्याची मुभा. कल्पना उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की ही खोली असावी कुठे आणि तिचे दार कुणासाठी उघडे असावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. गुजरातच्या सीमेलगतचे, अक्कलकुवा तालुक्यातले खापर जळगावच्या आवारापासून 200 किलोमीटरहून लांब आहे. विद्यापीठाने अशी कार्यशाळा खापरसारख्या गावात काढावी आणि ज्याचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही त्यालाही तिथे हक्काने येऊ द्यावे, असे माझे मत आहे.

ही मागणी भाबडी वाटत असेल, तर पाबळकडे पाहावे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, विजेची कामे, शेती हे सगळे हातांनी करत शिकली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी मांडलेली फॅब लॅबची, म्हणजे अशाच खुल्या कार्यशाळेची, कल्पना 2002 मध्ये इथे आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. आज अशा प्रयोगशाळा शंभराहून अधिक देशांत आहेत. यातली महत्त्वाची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. संगणकावर चालणारी यंत्रे पाबळला पोचली, तेव्हा तिथे काम करण्याची सवय जवळजवळ वीस वर्षांची झाली होती. यंत्राने काम निर्माण केले नाही, अडलेल्या कामाला यंत्र मिळाले.

खापरच्या परिसरात अडलेली कामे थोडी नाहीत. मोलगी आणि धडगावच्या पट्ट्यात उन्हाळ्यात घरोघरी आमचूर होते. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि उन्हात पसरायच्या. बहुतेक श्रम बायकांचे. अवकाळी पावसाची एक सर आली, की फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. धूळ आणि पाऊस बाहेर ठेवणारा, दोन माणसांना उचलून पाड्यावर नेता येईल असा, गावातच दुरुस्त होणारा सौर वाळवणयंत्राचा नमुना हवा आहे. कैरी सोलण्याचे हाताचे साधन हवे आहे. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. रस्ता करणे सरकारचे काम आहे आणि ते सरकारनेच केले पाहिजे. पण तोवर चढउतारावर रुग्णाला कमी हिसके देणारी हलकी डोली बनवायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. या वस्तूंची मापे जळगावला बसून कळणार नाहीत. ती सांगणारी बाई देहवाली किंवा पावरी बोलते, आणि तिच्यासमोर नमुना दहा वेळा मोडून पुन्हा करावा लागतो.

आयटीआय असताना हे कशाला, असे कुणी विचारेल. आयटीआय ठरलेला व्यवसाय ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकवते, आणि ते आवश्यकच आहे. तिथे प्रवेश घेतलेला मुलगा येतो, अडचण घेऊन आलेली आमचूरवाली येऊ शकत नाही. उलट आयटीआयच्या निदेशकांना आणि मुलांना या कार्यशाळेत सोबत घेता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उद्घाटनानंतर यंत्रांवर धूळ बसते. हे खरे आहे, आणि नुसत्या खरेदीच्या योजनांचे बहुधा हेच होते. त्यावर पाबळचाच तोडगा आहे: गावातल्या कारागिराला शिक्षक करा आणि मुलांनी गावाची कामे मोल घेऊन करावीत. गिऱ्हाईक दारात उभे असेल तर यंत्र बंद पडून राहत नाही. आपली पोरे तर कामासाठी गुजरातलाच जातात, असेही म्हटले जाईल. जातात. त्यांतले काही तिथे वेल्डिंग, फिटिंग शिकून हंगाम संपल्यावर परत येतात. त्या हातांना इथे टेबल मिळाले, तर सगळ्यांचे नाही, पण दोन-चार जणांचे स्वतःचे दुकान उभे राहील. याहून मोठे आश्वासन देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पैशांचा आणि अधिकाराचा प्रश्न राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 ने नवोपक्रम आणि साहचर्य ही विद्यापीठाची जबाबदारी मानली आहे आणि त्यासाठी स्वतंत्र संचालकाचे पद दिले आहे. सुरुवातीला महागडे प्रिंटर नकोत. वेल्डिंगचा संच, ड्रिल, सुताराची हत्यारे, एक संगणक, सोलरवर चालणारी वीज आणि संध्याकाळी उघडी राहणारी खोली पुरेशी आहे. विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांनी, विशेषतः नंदुरबारमधून निवडून गेलेल्यांनी, ही तरतूद येत्या अर्थसंकल्पातच मागावी. खोली कैरीच्या हंगामाआधी उघडावी, आणि तिच्यातले पहिले काम कोणते हे आमचूर करणाऱ्या बायकांना विचारून ठरवावे.