धंद्याचें माप

गेल्या गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. त्याचा मसाल्याचा लहानसा कारखाना आहे. बोलतां बोलतां तो म्हणाला, "गुरुजी, पंचवीस वर्षें झालीं. मालाला मागणी आहे, बँक कर्ज द्यावयास तयार आहे. पण आठ माणसांचीं नऊ कांहीं होत नाहींत." मीं विचारलें, "खरेदी कोण करतो? मिठाचें प्रमाण कोण पाहतो? किल्ल्या कोणापाशीं असतात?" तिन्ही प्रश्नांस उत्तर एकच आलें: "मीच."

धंदा लहान कां राहतो याचीं कारणें आपण भांडवलांत व बाजारांत शोधतों. तीं खोटीं नव्हेत. परंतु संस्थापकाचा स्वभाव हेंही एक माप आहे, आणि पुष्कळदां धंदा त्या मापाबाहेर वाढत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण घ्या. बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ झाला. पुढें लोखंडी नांगर केले, तर लोखंडानें जमीन नासते या समजुतीपायीं ते खपावयास पुष्कळ काळ लागला. ही चिकाटी सर्वश्रुत आहे. पण १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसवितांना त्यांनीं जें केलें, तें मला अधिक मोठें वाटतें. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, यंत्रांचें काम शंभुराव जांभेकर व शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यांजकडे. आणि वाडीची राखण शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे! ज्याला विश्वास टाकतां येतो, त्याला दोनांहून अधिक हात लाभतात.

माझ्या विद्यार्थ्याची कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. घरच्या वहीस हात लावण्याची मुभा नाहीं, म्हणून ती पुण्यास नोकरीसाठीं निघाली होती. मात्र त्याला बोल लावण्याचा मला अधिकार थोडाच. शाळेचें वेळापत्रक मीं वर्षानुवर्षें दुसऱ्या कोणास करूं दिलें नाहीं. मी निवृत्त झालों, त्या सालीं पहिला आठवडा शाळा रखडली; आणि खरें सांगावयाचें तर, तेव्हां मला त्याचें भूषणच वाटलें होतें! मीं त्याला ही गोष्ट तेवढी सांगितली.

लहान असणें हा दोष नव्हे. संतोषानें लहान ठेवलेला धंदा घराला शोभतो. अविश्वासानें खुंटलेला धंदा मात्र चालकाबरोबरच थकतो. आपला कोणता, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

परवां विद्यार्थ्याचा निरोप आला: "वही मुलीच्या हातीं दिली. मिठाचें प्रमाण अजून मीच पाहतों."

असो. आरंभ तर झाला!