सव्वा सेकंदाला एक डाव

जानेवारी २०१२ मध्ये बहामाजला रॅंडी ल्यू या अमेरिकन पोकरपटूने गिनीज विक्रम केला. एकाच वेळी ढीगभर टेबलं उघडून ८ तासांत ऑनलाइन पोकरचे २३,४९३ डाव! शेवटी नफ्यात राहायची अट होती. पठ्ठ्या राहिला. नफा किती? ७ डॉलर ६५ सेंट.

हिशोब करा मंडळी. सव्वा सेकंदाला एक डाव आणि तासाला डॉलरही नाही. विक्रमाची घाई होती, हे खरं. एरवीही हा गडी बऱ्याच टेबलांवर खेळूनच कमवायचा. त्यामागे गणित आहे, मान्य. चांगल्या खेळाडूचा दर डावाचा सरासरी फायदा चिमूटभर. डाव वाढले की नशिबाचे चढउतार एकमेकांना खातात आणि कौशल्य दिसू लागतं.

पण मग नेहमी गप्प बसणारा आज का भिडतोय, हे बघायला वेळच उरत नाही. उरतं पाठ केलेलं कोष्टक: ही पानं आली की फोल्ड, ती आली की रेझ. हे काम तर बॉट न दमता करतो.

आपल्याकडे २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्यामुळे हा मोह तसा टळला. पण कॉल चालू, मागे कोड, बाजूला चॅटच्या चार खिडक्या... ही आपली टेबलंच की! तिथेही आपण विचार सोडून कोष्टकच चालवतो. त्यापेक्षा एकच टेबल नीट खेळावं, असं माझं मत. पटतंय का बघा.