विश्लेषण : शब्द एका विद्यापीठाला, सही दुसऱ्याकडे… १७ वर्षांच्या खेळाडूवर चाहते इतके का चिडतात?

अमेरिकेत दर वर्षी डिसेंबर उजाडला की कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांची झोप उडते. मैदानावरच्या सामन्यांइतकेच लक्ष असते ते शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या शाळकरी खेळाडूंच्या सह्यांकडे. आपल्या विद्यापीठाला शब्द दिलेला खेळाडू ऐन वेळी दुसरीकडे गेला, की कालपर्यंत त्याचे गोडवे गाणारे चाहते त्याला ‘गद्दार’ ठरवून मोकळे होतात. हा राग येतो कुठून आणि तो योग्य माणसावर निघतो का?

ब्राइस अंडरवूड प्रकरण काय होते?

मिशिगन राज्यातील बेलव्हिल या गावचा ब्राइस अंडरवूड हा २०२५ मध्ये शाळेतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंत अव्वल मानला जाणारा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू. जानेवारी २०२४ मध्ये त्याने लुईझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) निवड जाहीर केली. पुढचे दहा महिने एलएसयूचे चाहते त्याच्याकडे भविष्यातला तारणहार म्हणून पाहत होते. मात्र २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, सही करायला दोन आठवडे उरले असताना, त्याने निर्णय फिरवला आणि घराजवळच्या मिशिगन विद्यापीठाकडून खेळण्याचे जाहीर केले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

या बदलामागे मोठा करार असल्याची चर्चा होती. अमेरिकी माध्यमांच्या वृत्तांनुसार करार एक कोटी डॉलरच्या पुढचा होता आणि ‘ओरॅकल’चे संस्थापक लॅरी एलिसन यांनी त्यासाठी मदत केली होती. साहजिकच ‘पैशासाठी विकला गेला’ ही पहिली प्रतिक्रिया ठरली.

दिलेला शब्द बंधनकारक नसतो का?

नसतो. ‘कमिटमेंट’ ही फक्त तोंडी घोषणा असते. डिसेंबरमध्ये कागदावर सही होईपर्यंत खेळाडू मन बदलू शकतो आणि विद्यापीठही त्याला दिलेला प्रस्ताव मागे घेऊ शकते. या काळात इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या संपर्कात राहतात. अशा बदलाला तिकडे ‘फ्लिप’ म्हणतात आणि दर मोसमात असे अनेक फ्लिप होतात.

त्यात आणखी एक अडचण आहे. महाविद्यालयीन क्रीडा संघटना ‘एनसीएए’च्या नियमांमुळे सही होण्याआधी प्रशिक्षकांना अशा खेळाडूबद्दल जाहीरपणे फारसे बोलता येत नाही. विद्यापीठ गप्प, प्रशिक्षक गप्प आणि खेळाडूच्या एका पोस्टवरून अंदाज बांधणारे लाखो चाहते, असे चित्र तयार होते.

चाहते एवढे गुंततात कशामुळे?

पहिले कारण म्हणजे विद्यापीठाशी असलेले नाते. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांहून अधिक, तर ते ज्या ॲन आर्बर शहरात आहे, त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. एलएसयूचे स्टेडियमही एक लाखापेक्षा मोठे. एमएससाठी अशा विद्यापीठांत गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनाही सामन्याच्या शनिवारी शहराचे वेळापत्रक कसे बदलते, हे पाहायला मिळते. माजी विद्यार्थी आणि स्थानिकांसाठी हा संघ पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो.

दुसरे कारण मानांकनाचे. ‘२४७स्पोर्ट्स’, ‘रायव्हल्स’ यांसारख्या सेवा शाळकरी खेळाडूंना तारे देतात. पाच तारे मिळवणारे देशभरात मोजकेच असतात. सामने नसलेल्या महिन्यांत याच याद्यांवर चर्चा रंगते आणि चाहते त्यासाठी पैसे भरून सदस्यत्वही घेतात. त्यामुळे मैदानात एकही चेंडू न फेकलेला मुलगा चाहत्यांच्या डोक्यात आधीच विजेता झालेला असतो.

तिसरे कारण पैशाचे. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर विद्यापीठांच्या समर्थकांनी निधी गोळा करणारे गट उभारले आणि त्यांत सामान्य चाहत्यांनीही वर्गणी भरली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. वर्गणी देणाऱ्याला आपण गुंतवणूकदार आहोत, असे वाटू लागले तर नवल नाही.

मग त्यांची तक्रार चुकीची आहे का?

पूर्णपणे नाही. नामांकित क्वार्टरबॅकने शब्द दिला की त्याच वर्षीचे इतर चांगले क्वार्टरबॅक दुसरीकडे जागा शोधतात, कारण या स्थानावर एका वेळी एकालाच खेळता येते. शेवटच्या पंधरवड्यात तो निघून गेला, तर संघाची वर्षभराची आखणी कोलमडते. त्याच्या भरवशावर आलेल्या इतर खेळाडूंचाही हिशेब चुकतो. नुकसान खरे असते. प्रश्न आहे तो जबाबदार कोण, हा.

मोठ्यांना वेगळा न्याय?

एलएसयूचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रायन केली यांचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांचा नोत्र दाम विद्यापीठाचा संघ ११ विजय आणि एक पराभव अशा स्थितीत राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत होता. तरीही ते संघ सोडून एलएसयूमध्ये गेले. करार दहा वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा. त्यांच्या शब्दावर नोत्र दाम निवडलेली मुले मागेच राहिली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये एलएसयूनेही केली यांना काढले. अंडरवूडला आणणारे मिशिगनचे प्रशिक्षक शेरॉन मूर यांचीही डिसेंबर २०२५ मध्ये हकालपट्टी झाली. म्हणजे अंडरवूडने ज्या दोन प्रशिक्षकांतून निवड केली, ते दोघेही त्याचे पहिले वर्ष संपेपर्यंत पदावर नव्हते.

फसवणूक उलट बाजूनेही होते. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकने २०२२ मध्ये मायामी सोडून फ्लोरिडा विद्यापीठ निवडले. त्यासाठी ठरलेला सुमारे एक कोटी ३८ लाख डॉलरचा करार बारगळला, असे सांगत त्याने २०२४ मध्ये फ्लोरिडाचे तेव्हाचे प्रशिक्षक आणि एका देणगीदारावर दावा ठोकला.

खेळाडूच्या हातात नेमके किती?

फार थोडे. व्यावसायिक लीग ‘एनएफएल’मध्ये संघ खेळाडूला निवडतात, आयपीएलच्या लिलावासारखेच, जो संघ घेईल तिथे जायचे. ट्रॅव्हिस हंटरचा प्रवास यासाठी बोलका आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून जॅक्सन स्टेट हे कृष्णवर्णीयांचा ऐतिहासिक वारसा असलेले, खालच्या विभागात खेळणारे विद्यापीठ निवडले. फ्लोरिडा स्टेटच्या चाहत्यांना तो मोठा धक्का होता. पुढे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्यासोबत तो कोलोरॅडोला गेला आणि २०२४ ची हाइझमन ट्रॉफी जिंकली. २०२५ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. या टप्प्यावर मात्र ‘कुठे जायचे’ हे त्याला कोणी विचारले नाही.

कारकिर्दीच्या सुरुवातीला खेळाडू स्वतः संघ निवडतो, तो काळ महाविद्यालयाचाच. गुडघ्याची एक गंभीर दुखापत झाली तर पुढची सगळी गणिते बदलू शकतात. अशा वेळी घराजवळचे विद्यापीठ, चांगला मोबदला किंवा आवडता प्रशिक्षक निवडणे हा विश्वासघात नव्हे.

तोडगा काय?

तोंडी शब्दाला किंमत हवी असेल, तर तो कागदावर आणावा लागेल आणि तो दोन्ही बाजूंना बांधील असावा लागेल. प्रशिक्षक गेला, तर त्याच्यासाठी आलेल्या खेळाडूलाही मोकळे होता आले पाहिजे. ठरलेल्या मोबदल्याचा करार सहीच्या दिवसाआधी स्पष्ट असला पाहिजे. हे नियम एनसीएए, विद्यापीठे आणि न्यायालये ठरवतात. चाहत्यांनी जाब विचारायचा तो त्यांना. शाळकरी मुलाच्या मोबाइलवर शिव्या पाठवून यातला एकही नियम बदलणार नाही.