दोन बाटल्या आणि एक पोट

मागच्या महिन्यात आमच्या वन्सं चार दिवस मुक्कामाला आल्या होत्या. सकाळी चहाच्याही आधी त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक सेलेनियमच्या गोळ्यांची, दुसरी ‘क’ जीवनसत्त्वाची, चांगली १००० मिलिग्रॅमची! म्हणाल्या, “केस फार गळतात गं. दोन्ही एकदम घेतलं की दुप्पट गुण येतो म्हणे.”

मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. ‘सोडियम सेलेनाइट’. म्हटलं, “वन्सं, ही जोडी उपाशीपोटी जमायची नाही!”

आता गंमत पाहा. शरीरात गेल्यावर हे दोघे चांगले शेजारी आहेत. पेशींची झीज रोखणारी काही एन्झाइम्स सेलेनियमवाचून चालत नाहीत. काम करून थकलेल्या ‘क’ जीवनसत्त्वाला पुन्हा कामाला लावणारं एक एन्झाइमही त्यांतलंच. भांडण होतं ते पोटात. सेलेनाइट आणि ‘क’चा मोठा डोस रिकाम्या पोटी एकत्र आले, की सेलेनाइटचं न विरघळणारं साधं सेलेनियम बनतं. ते शरीराला लागत नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणजे पैसे पाण्यात! सेलेनोमिथिओनिन या दुसऱ्या प्रकाराला मात्र हा त्रास होत नाही.

मग वरणावर लिंबू पिळायचं की नाही? खुशाल पिळा! धान्य, डाळी, अंडी, मासे यांतलं सेलेनियम लिंबाने वाया जात नाही. बाईमाणसाला दिवसाला साधारण ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! ‘क’साठी १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. लिंबू मात्र भांडं खाली उतरवल्यावरच पिळा, उकळीत ‘क’ नाश पावतं.

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. २००८ साली अमेरिकेत एका टॉनिकात चुकून लेबलावरच्यापेक्षा सुमारे २०० पट सेलेनियम पडलं आणि दोनशेजण आजारी पडले. पुष्कळांचे केस गळाले. ज्या दुखण्यासाठी गोळी घ्यायची, तेच दुखणं गोळीने वाढायचं! युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ साली दिवसाची कमाल मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरवली. दोन-तीन टॉनिकं एकदम घेणारीने प्रत्येक बाटलीवरचा आकडा मिळवून पाहावा.

वन्संना मी डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९! घरातल्या सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायचं, मग दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सेलेनियम बंद करायला सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. इथे मात्र ‘क’ खरं मित्र बरं का! पालेभाजी, डाळींतलं लोह त्याच्या संगतीने चांगलं अंगी लागतं. जेवणाबरोबर लिंबाची फोड घ्या, चहा मात्र तासभर लांब ठेवा.

तेव्हा केस गळू लागले तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाटली नंतर. आणि हो, पहिली गरम पोळी एखादे दिवशी स्वतःच्या ताटात वाढून घ्या!