थेंब थांबवायचे कोणी?

वैशाखात तापीकाठचा वारा तापला, की बऱ्हाणपुरात माझ्याकडे डोळे चोळणाऱ्या मुलांची रांग लागते. ॲलर्जीचा हा नेत्रदाह स्टेरॉइडच्या थेंबांनी दोन दिवसांत निवतो, आणि धोका तिथेच आहे. चिठ्ठी एकदाच लिहिलेली असते. बाटली मात्र दुकानातून वर्षानुवर्षे येत राहते. शेड्यूल एचची लाल रेघ कोण पाहतो!

काही मुलांत या थेंबांनी डोळ्यातील दाब पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपलीकडे जातो. बहुधा दुखत नाही. दृष्टिचेतेच्या मुखाशी असलेली वाटी तेवढी रुंद व खोल होत जाते. मेंदूतील दाब वाढला तर हीच चकती सुजून वर येते. ती सूज शोधण्यासाठी आपण बालरोगतज्ज्ञ ऑफ्थॅल्मोस्कोप उचलतो, वाटी पाहण्यासाठी नाही. मीही उचलत नसे. जिन्यावर ठेचकाळणारा दहा वर्षांचा एक मुलगा आला, तेव्हा दोन्ही वाट्या जवळजवळ काठाला भिडल्या होत्या. गेलेले तंतू परत आले नाहीत.

माझे मत असे, की थेंबांच्या नावापुढे ते बंद करण्याची तारीख लिहावी आणि दोन आठवड्यांपलीकडे ते चालू असलेल्या प्रत्येक मुलाला दाब मोजण्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे. त्यांच्याकडे गर्दी वाढेल, वाढू द्यावी.