स्तोत्र गावे की चालावे?

बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी पहिलेच गाण्याविषयी नाही, चालण्याविषयी आहे. आम्हां चिखलावासीयांस हे परके वाटू नये. आपल्या तुमसर रोडवरून जाणाऱ्या लोहमार्गानेच, नागपुराहून राजनांदगावास जाताना, कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तुकोबांची गोडी मात्र सुटली नाही. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गायिली जातात. धर्मांतर आम्हांस रुचो न रुचो. परंतु स्तोत्र खरे चालल्या त्या लक्ष्मीबाई, असे आमचे मत आहे. कडक सोवळ्यात वाढलेल्या या माउलीने जातिभेद आधी टाकिला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० मध्ये घेतला. एकादशीस टाळ वाजविणारे आमचे हात द्वादशीस पाणवठ्यावर कोणास अडवितात काय?