नदीवांचून धबधबा

धबधबा म्हटला कीं त्याच्या माथ्यावर नदी असावयाचीच, अशी आपली समजूत असते. आइसलंडमधील ‘ह्राउनफॉसार’ पाहून परतल्यावर घरच्या मंडळींपुढें छायाचित्रें मांडलीं, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं चष्मा सांवरीत पहिलाच प्रश्न केला, “अरे, पण ह्याची नदी कोठें आहे?” तेथें उभे असतांना हाच प्रश्न आम्हांसही पडला होता.

रेक्याविक शहरापासून मोटारीनें सुमारें दोन तासांच्या वाटेवर ह्वीटा ही नदी लागते. तिच्या एका तीरावर सुमारें ९०० मीटरपर्यंत काळ्या खडकाच्या कपारींतून असंख्य शुभ्र धारा फुटतात आणि नदींत पडतात. वर पाहावें तों ना ओढा, ना प्रवाह. केवळ शेवाळलेला खडक व खुरटीं झुडपें.

त्या देशाच्या भाषेंत ‘ह्राउन’ म्हणजे लाव्हा व ‘फॉसार’ म्हणजे धबधबे. इ. स. ९०० च्या सुमारास एका ज्वालामुखीचा रस येथवर वाहत आला व थिजला. हा खडक अजून तरुण, म्हणून भेगाळ व सच्छिद्र आहे. पावसाचें व बर्फाचें पाणी त्यांत मुरतें, खालच्या घट्ट थरावर अडून आडवें सरकतें, आणि नदीनें जेथें कांठ कापला आहे तेथें प्रकट होतें. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. परंतु त्याचें वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें. त्याच्या पुष्कळ भेगा खनिजांनीं बुजल्या आहेत. आपले बहुतेक धबधबे पावसाळ्यांत गर्जतात व उन्हाळ्यांत आटतात.

आमचीं पहिलीं छायाचित्रें फसलीं. सगळा विस्तार एका चौकटींत कोंबण्याच्या हव्यासानें धारा दोऱ्यांसारख्या दिसूं लागल्या. मग कॅमेरा तिपाईवर ठेवून एक सेकंद प्रकाश दिला, तों पाण्याचा पिंजलेला कापूस झाला. देखणा खरा, पण डोळ्यांनीं पाहिलेला नव्हे. अखेर ऊन ढगाआड जाईपर्यंत थांबलों आणि एकच कपार निवडली: तीन धारा, आणि खालीं हिमनदीच्या गढूळ पाण्यांत शिरणारी त्यांची स्वच्छ निळी रेघ.

जवळच ‘बार्नाफॉस’, म्हणजे मुलांचा धबधबा, आहे. तेथील नैसर्गिक दगडी पुलावरून जातांना दोन मुलें बुडालीं व त्यांच्या आईनें तो पूल तोडविला, अशी दंतकथा आहे. ती ऐकून मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं पुन्हा तो तीन धारांचा फोटो हातीं घेतला.

“नदी खडकाच्या पोटांत आहे,” आम्हीं सांगितलें.

“म्हणजे घरासारखेंच कीं,” त्या म्हणाल्या आणि चहाचें पाहण्यास उठल्या.

आमच्या संग्रहांत देशोदेशींचीं हजारों छायाचित्रें आहेत. त्या रात्रीं तीं सारीं चाळलीं. प्रत्येक प्रवासाची शिदोरी ज्या हातांनीं बांधली, ते हात एकाही छायाचित्रांत सांपडले नाहींत. वाचकहो, झऱ्याचा उगम दिसत नाहीं म्हणून तो अक्षय असतो, असें समजूं नये. आमच्या सह्याद्रींतले कित्येक झरे चैत्रापूर्वींच आटतात. दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं तिपाई स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी केली.